मनसारामचा कान आणि बिरजूचं मीटर

चांद्याला पठाणपुरा वेशीच्या आत मनसारामचं भोंगे दुरुस्तीचं दुकान होतं, मागे घर. त्या काळी नाटकवाले काय, लग्नवाले काय, सगळ्यांना भोंग्याचं वेड लागलेलं. भोंग्याचं मशीन बिघडलं की ते ह्याच्याकडे. मीटर-बिटर काही नव्हतं त्याच्याकडे. रेकॉर्ड लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "दुसरा व्हॉल्व्ह थकला." उघडून बघा, आतल्या काचेच्या नळ्यांत तोच थकलेला! कानाचा गर्व होता बुवा माणसाला, आणि का नसावा?

त्याच कानानं घात केला. चौपन्न सालच्या उन्हाळ्यात एका नाटकमंडळीचं मशीन दुपारपर्यंत द्यायचं होतं. भोंगा पूर्ण जोरात, आवाजात कुठंतरी बारीक खरखर, आणि मनसाराम तिच्या मागावर. मागच्या अंगणात त्याची बायको भागीरथा सरपण काढत होती. तिला साप चावला. तिनं हाका मारल्या. तिसऱ्या घरची कलाबाई त्या ऐकून धावत आली. दहा पावलांवरच्या नवऱ्याला मात्र काही ऐकू गेलं नाही. संध्याकाळपर्यंत भागीरथा गेली.

महिन्याभरानं त्यानं पुन्हा मशीन लावलं, तर रेकॉर्डच्या खालून हाक आली. "आइकता का जी?" बारीक, पण स्पष्ट. दर मशीनमध्ये तेच. मनसारामनं मनाशी ठरवून टाकलं, हा मशीनचाच दोष. दोष असेल तर निघेल. कंडेन्सर बदलले, तारा बदलल्या. हाक काही जाईना. "अजून साफ नाई," म्हणत तो गिऱ्हाइकाला मशीन देईना. सात मशीनं धूळ खात पडली आणि लोक वरोऱ्याची वाट धरू लागले.

शेवटी कलाबाईनं नागपूरला निरोप धाडला. भागीरथेचा धाकटा भाऊ बिरजू तिथं रेडिओच्या दुकानात कामाला होता. तो मीटर घेऊन आला. रेकॉर्ड काढली, मशीन चालूच ठेवलं, भोंग्याच्या तारांना मीटर लावलं. बारीकसा आवाज असता तरी काटा हलला असता; तो शून्यावर. सातही वेळा शून्यावर.

"भाऊजी, मशीनमंदी काहीच नाई. सप्पा साफ हाय."

"तुयी बहीण बोलून राह्यली, अन् तुले आइकू येत नाई?"

बिरजूचा चेहरा पडला. त्यानं भोंग्याला कान लावला, बराच वेळ. मग बॅटरीची तार उपटली. "अन् आता?"

मशीन मेलं. व्हॉल्व्ह हळूहळू विझले.

"आइकता का जी?"

पहिल्यापेक्षा जवळून. आणि मागच्या दाराकडून.

अरे देवा! इतके महिने ज्या दोषाच्या मागे हात धुऊन लागला, तो मशीनमध्ये नव्हताच. मग काढायचा तरी कुठून? मनसाराम घामाघूम झाला. भीती वाटली आणि भीतीपेक्षा लाज. तो उठला, दार उघडून म्हणाला, "काऊन वं? आलो, आलो."

बिरजू तोंड फिरवून रडला.

सातही मशीनं त्याच आठवड्यात गिऱ्हाइकांकडे गेली. मनसारामचं दुकान पूर्वीसारखं चालू लागलं. फक्त कधीकधी बोलता बोलता तो रेकॉर्ड थांबवायचा. "थांब भाऊ, बायको बोलावून राह्यली." मागे जायचा आणि काखेत चार लाकडं घेऊन यायचा. जेवायला तो कलाबाईकडे असे. घरातल्या थंड चुलीशी लाकडं साचत गेली.