मास्तरांची चुकलेली बाज

भगवानराव मास्तर गेले ही बातमी आली तेव्हा मी ओली अंबाडी मांडीवर घेऊन दोर वळत बसले होते. शेजारचा माणूस दारातूनच सांगून गेला. हात चालूच राहिले, आणि बऱ्याच वेळाने कळलं की आपण रडतो आहोत. मी जन्मांध. हे सगळं मी सांगते आहे नि भाची लिहून घेते आहे. मला स्वप्नात माणसं दिसत नाहीत, ऐकू येतात. हल्ली पहाटे मास्तरांच्या वहाणांची करकर अंगणात येते, दाराशी थांबते... मी कूस बदलते आणि ती विरून जाते.

सेनगावकडच्या आमच्या खेड्यात ते शाळामास्तर. पोरांना हातकाम शिकवायची त्यांना भारी हौस, आणि त्यात त्यांनी मलाही ओढलं. एक दिवस माझे वडील मेंढरं रानात सोडून शाळेच्या ओसरीवर आले. "मास्तर, आंधळ्या लेकराला काहून तकलीफ देऊन राहिले? दसऱ्यापोतर तिनं बाज इनली तर ठीक, न्हाई तर बसंल घरी." घरी बसणं म्हणजे चुलीमागचा कोपरा आणि मेंढरं परतायची वाट बघणं, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझा जीव टांगणीला लागला, कारण विणताना कोपऱ्यापाशी माझा हात दरवेळी वाट चुकायचा.

मास्तरांनी मग उपरण्यानं स्वतःचे डोळे बांधले. "आता आपण दोघं बराबर," म्हणाले आणि शाळेतल्या रिकाम्या चौकटीवर बाज विणायला बसले. पुटपुटत, चाचपडत, दोर हरवत! मी पोट धरून हसले. जिथे जिथे त्यांचा हात चुकला, तिथे चौकटीला त्यांनी एकेक चिंधी बांधली. पुढे माझ्या चौकटीलाही तशाच बांधल्या, आणि चिंधी लागली की माझा हात सावध होई. दसऱ्याला वडील माझ्या बाजेवर बसले, हलून बघितलं, आडवे झाले आणि घोरायला लागले. मास्तर हळूच म्हणाले, "पास झालीस गं पोरी."

त्यांची बाज मात्र उशाशी एका जागी चुकलेलीच राहिली. मी कितीदा म्हटलं, उकलून देते. "न्हाई, राहू दे," एवढंच म्हणायचे. ती घरी नेली आणि जन्मभर तिच्यावरच निजले.

गेलेल्या माणसाची बाज घरात ठेवू नये, असं भावकीनं काकूंना सांगितलं. काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, ऐकेनात. त्यांनी मला बोलावून घेतलं. दोर कुजला होता, नव्यानं विणायची होती. अंगणात दिवसभर ऊन अंगावर सरकत होतं, अंबाडीचा वास होता, आणि मास्तर शेजारी पुटपुटत असल्यासारखे वाटत होते... विणत विणत मी उशाशी आले. दोन पदरांखालून दोर घ्यायचा होता. मी तो मास्तरांसारखा तीन पदरांखालून घेतला.

संध्याकाळी काकूंनी बाजेवरून हात फिरवला. त्यांच्या बांगड्या उशापाशी येऊन थांबल्या. मग त्या म्हणाल्या,

"बराबर इनली गं."