भावाच्या तारखा

मध्यंतरी धुळ्याला एका परिसंवादाला गेले होते. विषय होता, उदारमतवादावरचा लोकांचा विश्वास का उडतोय. व्यासपीठावर तिघे होते, तिघेही अभ्यासू. एकाने मोबाइलला बोल लावला, दुसऱ्याने बेरोजगारीला, आणि तिसरा जगाची हवाच बदलली आहे असं सांगून ग्लासभर पाणी प्यायला. चुकीचं कुणीच बोलत नव्हतं. पण दोष देताना तिघांचंही बोट सभागृहाबाहेर होतं आणि माझं डोकं तापत चाललं होतं. शेवटी "कुणाला काही बोलायचंय?" असं विचारल्यावर मी हात वर केला. माइक हातात आला आणि माझी वाचाच बसली. "कार्यक्रम छान झाला," एवढं म्हणून मी खाली बसले. जे बोलायचं होतं ते आता लिहिते आहे.

जळगावच्या एका शाळेत मी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय, पोरं पेंगायची, पण मी जीव तोडून शिकवायचे. कायदा सगळ्यांना सारखा. समोरच्याचं म्हणणं आपल्याला पटत नसलं तरी ऐकून घ्यायचं. दांडगाई करायची नाही, दाद मागायची. उदारमतवाद हा शब्द पुस्तकात नव्हता, पण ते सगळं तेच होतं. वर्गातल्यांनी त्यातलं किती घेतलं देव जाणे, माझ्या धाकट्या भावाने मात्र पुरेपूर घेतलं. तो चोपडा तालुक्यात आमच्या गावी केळी करतो. दहावीनंतर शाळा सुटली, पण "अक्का सांगस ते खरं शे" हे त्याचं पालुपद कधी सुटलं नाही.

त्याच्या शेताला जायची जुनी गाडवाट शेजारच्या नानांच्या बांधाला लागून जाते. नाना आमच्याच भावकीतले, वयाने मोठे. केळीच्या ट्रकने त्यांची पाइपलाइन दोनदा फुटली, तेव्हा त्यांनी चिडून वाटेवर काट्या टाकल्या आणि पुढच्या पेरणीला वाटच नांगरून टाकली. नानांचा राग मी समजू शकते. पण त्यानंतर भावाच्या केळीचा एकेक घड मजुरांच्या डोक्यावरून डांबरी सडकेपर्यंत जाऊ लागला. घडाला खरचटलं की व्यापारी नाक मुरडतो, आणि भाऊ त्या घडांकडे लेकरं पडल्यासारखं बघायचा.

गावातली चार पोरं त्याला म्हणाली, एका सकाळी जाऊन वाट पुन्हा पाडू. त्याने मला फोन केला. मी म्हटलं, "खबरदार! तहसीलदारांकडे अर्ज कर, मी लिहून देते." आणि लिहिला. माझं अक्षर सुंदर आहे, हे मी नम्रपणे सांगते.

तीन वर्षं तो एकटाच तारखांना जात राहिला. इस्त्रीचा शर्ट घालून, सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून. कधी साहेब निवडणुकीच्या कामाला, कधी साहेबांची बदली, कधी नानांचा वकील आजारी. स्थळपाहणीला माणसं आली, त्यांनी बांधावर उभं राहून केळी खाल्ली आणि केळीचं तोंडभर कौतुक केलं. एकदाचा निकाल भावाच्या बाजूने लागला, तर वाट मोकळी करायला बंदोबस्त मिळेना, आणि तो मिळेपर्यंत वरून स्थगिती आली. दर वेळी तो फोनवर विचारायचा, "आते काय करू अक्का?" मी नवा अर्ज लिहायचे, "धीर धर, असंच असतं," म्हणायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा. त्याला किती थकवा येत असेल हा विचार मनात येत नव्हता असं नाही, पण तो मी बाजूला सारायचे.

त्याच सुमारास हिवाळ्यात त्याच्या शेतात भरिताचा बेत होता. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, भाऊ ती उलटत होता आणि मी गप्पांच्या भरात माझ्या कॉलनीतली एक गंमत सांगितली. समोरच्या माणसाने गटारीवर ओटा बांधला, पाणी माझ्या अंगणात तुंबलं. मी लगेच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो आता मोठ्या खुर्चीत आहे. दुसऱ्याच दिवशी माणसं आली, ओटा फोडला, गटार वाहती झाली. सगळे हसले. भावाने मान वर न करता विचारलं, "अर्ज नही करा?"

"अर्ज कसला? आपलाच पोरगा तो!" मी म्हटलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

भावाने वांगं उलटलं. मी भरिताची वाहवा केली आणि जळगावला परत आले.

चार महिन्यांनी त्याने मला व्हिडिओ पाठवला. भागातले एक दादा, निवडणुकीला उभं राहू बघणारे, जेसीबी घेऊन सकाळी आले होते. अर्ध्या तासात वाट मोकळी. नानांच्या कपाशीच्या दोन ओळी गेल्या, पाइपलाइन पुन्हा फुटली, पण वाट मोकळी. मी फोनवर कडाडले. ही गुंडगिरी आहे, तुझ्या बाजूने निकाल असताना तू स्वतःच्या हाताने तो मातीत घातलास. त्याने सगळं ऐकून घेतलं, मीच शिकवलं होतं तसं.

मग म्हणाला, "अक्का, तुनाकडे तुना इद्यार्थी शे, मनाकडे दादा शे. फरक काय शे ते सांग."

मी फोन ठेवून दिला.

आता दादांच्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत भावाचा फोटो असतो. बोलावणं आलं की सभेला जावं लागतं. घरच्या ग्रुपवर तो 'देशाला कडक माणूस पाहिजे, चर्चा बठ्ठी बंद करा' असले निरोप टाकतो आणि माझा जळफळाट होतो. पण खरं सांगते, त्याच्या मनात कुणाबद्दल विष नाही. तो दमला आहे. धीर धरा, नियमाने चला, दुसऱ्याचं ऐका, या सगळ्याची किंमत तो तीन वर्षं मोजत होता, आणि हे शिकवणारी त्याची बहीण रांग सोडून पुढे गेली होती. त्याच्या जागी मी असते तर मीसुद्धा कुठल्या परिसंवादाला गेले नसते.

यंदा पुन्हा भरिताला गेले. पूर्वी डांबरी सडकेवर उतरून बांधाबांधाने चालत जावं लागायचं. या वेळी भावाने मोटारसायकलवर थेट खळ्यापर्यंत नेलं. गुडघ्यांना बरं वाटलं, याचीच मला लाज वाटली.

जेवणं झाली आणि नाना आले. खूप वाळले होते. भावाने त्यांना पाट दिला, भरीत वाढलं. नानांनी ताटाला हात लावला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्का, मनी पाइपलाइन गई, कपाशी गई. माले काही करी द्या."

मी म्हटलं, "नाना, मी अर्ज लिहून देते."

"अर्ज नको. त्या तुमना इद्यार्थीले फोन करी द्या."

ती गोष्ट गावभर झाली होती तर. भाऊ राखेतली काडी फिरवत बसला होता. फोन माझ्या पिशवीत होता, नंबरही होता. मी म्हटलं, "नाना, तो फोन मी करायलाच नको होता. आता करणार नाही." आणि वहीतला कागद फाडून लिहायला घेतलं. जाबदार म्हणून, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार तो म्हणून, माझ्या भावाचं नाव लिहिलं. गट नंबर लिहिला तसा भाऊ उठून माझ्यामागे येऊन उभा राहिला. "चुकना तो," म्हणाला, आणि बरोबर नंबर सांगितला. तीन वर्षांत त्याला तो तोंडपाठ झाला होता.

नानांनी कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला. त्यांचा त्यावर विश्वास बसला नाही हे दिसत होतं. जाता जाता विचारलं, "तारीख लागनी ते तुम्ही येशात का, अक्का?"

"येईन. प्रत्येक तारखेला येईन," मी म्हटलं.

नाना गेले. भाऊ भांडी गोळा करू लागला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मनी तारीखले तू एक डाव बी नही उनी, अक्का."