भाषणाच्या मधोमध

नायगावच्या सभेआधी तो मंचामागे बशीतला चहा फुंकत होता. आधी वार्ताहर, आता आमदार. खिशाला पेन मात्र अजून तेच, झाकण चावलेलं. आमच्या शाळेतल्या पोरी पायी येतात, बंद झालेली एसटी सुरू करा, एवढंच मी विनवलं.

"आज बोलतोच की, गुरुजी!" तो म्हणाला आणि डोळा मिचकावून हसला. "पण खरं सांगू? छापून पहिलं अन् शेवटचंच वाक्य येतंय. मधलं आम्ही कधी लिहूनच घेतलं न्हाई. तवा चहा प्यायचो."

भाषणात आमची एसटी आली. अगदी मधोमध. पुढच्या रांगेतले वार्ताहर चहाचे कप घेत होते. पोरींना उद्या काय सांगावं लागणार, हे मला तिथंच कळलं. तरी टाळ्या मीच सुरू केल्या.