वजा आठ, वजा पंधरा

मे महिन्याची अकरा तारीख. बेरीज : आचऱ्याच्या बागेतल्या पंचवीस माडांचे वर्षाचे दोन हजार एकशे चाळीस नारळ. हजर : मी, बायको, कॉलेजात संख्याशास्त्र शिकणारी मुलगी आणि कुऱ्हाड घेऊन आलेला गडी, जो एरवी आमचे नारळ काढतो.

बाग दाट झाली होती. सावलीमुळे सगळेच माड कमी धरू लागले, म्हणून दोन निकामी माड तोडायचं ठरलं. कोणते, ते वही सांगणार होती. प्रत्येक माडाला नंबर आहे आणि प्रत्येक पाडपाची, म्हणजे नारळ उतरवण्याची, नोंद मी स्वतः करतो. मुलीने ती वही 'आर' नावाच्या संगणकाच्या भाषेत भरली, म्हणजे पंचवीस आकडे एका ओळीत उभे केले आणि त्या ओळीला 'माड' असं नाव दिलं. मग तिने संगणकाला विचारलं, तीसपेक्षा कमी नारळ कोणाचे? उत्तर आलं : आठ आणि पंधरा. चौकटी कंसात वजा आठ, वजा पंधरा लिहिलं की ते दोन वगळून बाकीची बाग स्क्रीनवर शिल्लक. मला हे फारच आवडलं. आमच्याकडे एखाद्याला वगळायचं तर आधी आठ दिवस बोलणी लागतात.

मी चुना घेतला आणि आठ व पंधरावर फुल्या मारल्या.

"अवो, आठवो माझो माड," बायको म्हणाली. लग्नाच्या वर्षी तिने लावलेला. त्याचे नारळ विकून येणारे पैसे तिचे, त्यात मी कधी हात घातलेला नाही. "गेल्या वर्षी शंभराक चार कमी दिल्यान त्येना."

"तो तुझा अंदाज. हा संगणक आहे."

"संगणक माडार चडलेलो काय?"

मी हिशेबात माया नसते वगैरे बोललो. वही घरात होती, दहा पावलांवर. उघडली नाही. तिने एवढंच पदरात पाडून घेतलं की तिचा माड शेवटी तोडायचा.

पंधरावा आडवा झाला. गडी शेंड्याकडे गेला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काका, हेका निकामी म्हणतास? अठ्ठावन्न लागलेत!" मग तो आठव्याकडे वळला. "आता ह्येचो पण बारावो करूया?"

बायको माडाला टेकून उभी होती.

मी वही आणायला धावलो. पंधरा नंबर : चौऱ्याऐंशी. आठ नंबर : शहाण्णव. मुलीने तिची ओळ वाचून दाखवली. तिथे पंधराव्या जागी होते एकोणीस, आणि ते तर माझ्या वहीत चौदा नंबरचे.

"बाबा, वहीत सगळ्यात वर 'देवाचा' लिहिलंय, तो कुठला?"

विहिरीजवळचा. त्याचे नारळ देवळात जातात. आमच्याकडे त्याला नंबर देत नाहीत. मोजणी त्याच्या पुढच्या माडापासून. वडील तसंच करत, मीही केलं. संगणकाला मात्र देव आणि माड सारखेच. त्याने देवाला रांगेत पहिला उभा केला आणि बाकी सगळ्यांना एकेक पाऊल मागे सरकवलं. माझा वशिला नव्हता, देवाचा होता.

मुलीने 'माड[-1]' लिहिलं. देव बाहेर. उरले चोवीस. पुन्हा तोच प्रश्न, आता उत्तर : सात आणि चौदा. वहीत पाहिलं, जुळलं. सातवा तर बायकोच्या माडाला लागूनच, शेंडा खराट्यासारखा झालेला.

"ह्यो मी तुका गणपतीतच दाखवलेलो," ती म्हणाली. "कॉम्प्युटर नसताना." अहो-जाहो त्या दिवसापुरतं बंद होतं.

आठव्यावरची फुली तिने स्वतः, ओल्या फडक्याने, सावकाश पुसली. मी मदतीला गेलो तर फडकं दिलं नाही.

सात आणि चौदा तोडले. पंधराव्याची एकेचाळीस शहाळी रस्त्यावर तीस रुपयांनी गेली, उरलेली कोवळी फुकट.

गड्याला तीन माडांचे, नऊशेप्रमाणे, दोन हजार सातशे रोख दिले. एक चुकीचा म्हणून त्याने काही सोडलं नाही, आणि का सोडावं? शहाळ्यांचे बाराशे तीस बायकोच्या हातात दिले. तिने ते माझ्यासमोर दोनदा मोजले.