लेकीची पुस्तकं आणि गाईची चपाती

लेक शाळेत गेली की दुपारी तिची पुस्तकं वाचायची, हे मी ठरवलं ते निव्वळ रागापोटी. दहावीतली पोर. घरी आली की खोलीचं दार लावून वाचत बसायची, हाक मारली तर हूं नाही की चूं नाही. मल्लेश्वरमच्या वाचनालयातून दर शनिवारी पिशवी भरून आणायची. एवढं काय जळलंय त्यात, बघूया तरी, म्हटलं.

आधी हाती लागलं ते कॉमिक. उघडलं तर पहिल्याच पानावर नायक मेलेला! पुढच्या पानावर तो तडफडतोय, त्याच्या पुढच्यावर चांगला उभा राहून भांडतोय. अगं बाई, ही काय भुताटकी? संध्याकाळी लेकीला विचारलं तर ती पोट धरून हसली. ही जपानी कॉमिक्स उजवीकडून वाचायची असतात म्हणे, आणि मी शेवटाकडून सुरुवात केलेली. किती दिवसांनी हसली होती ती! म्हणून मीही माझा गाढवपणा थोडा वाढवूनच सांगितला.

मग एक नाटक वाचलं, कॉलेजातल्या मुलांसाठी लिहिलेलं. त्यातल्या आईला अख्ख्या नाटकात एकच वाक्य. मुलगी नापास होते, मैत्रीण सोडून जाते, रडून रडून तिचे डोळे सुजतात, आणि आई दारातून डोकावून विचारते, "जेवलीस का?" माझं टाळकंच सटकलं. आम्ही काय एवढ्या बिनडोक आहोत? "लिहिणाऱ्याला कुणी वेळेवर जेवायला घातलं नसेल," मी लेकीला म्हटलं. तिने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं.

मला तर तिला 'जेवलीस का' विचारायचीही गरज नव्हती. डबा रोज धुतल्यासारखा रिकामा यायचा. आमच्याकडे बेळगावला होतो तेव्हापासूनची पद्धत, पहिली चपाती गाईची. पूर्वी मीच ती घेऊन खाली जायची. या वर्षी लेक आपणहून म्हणाली, "मी शाळेला जाताना देत जाईन, आई." मला कोण कौतुक! वरच्या मजल्यावरच्या कानडी अक्कांना मी दोनदा सांगितलं की आजकालच्या पोरी असल्या तरी वळण आहे हो आमच्या घरी. अक्का म्हणाल्या, "ते सरी, पण स्वल्प बारीक झालीये पोरगी." मी मनात म्हटलं, हिचीच दृष्ट लागली असेल. त्या संध्याकाळी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. युनिफॉर्म ढिला होत होता, तो शिवून आत घेतला. उंची वाढतेय, दुसरं काय.

तिसरी होती कादंबरी. लेकीच्या उशीवरच ठेवलेली. सोळा वर्षांची एक मुलगी, आरशात बघून स्वतःचा तिरस्कार करणारी. ती जेवायचं ताट घेऊन अंगणात जायची, सगळं कुत्र्याला घालायची आणि रिकामं ताट आईला दाखवायची. आई खूश! मला असला संताप आला की रिकाम्या घरात मोठ्यांदा बोलले, "हिच्या आईचे डोळे फुटलेत काय?"

बोलले आणि रोजचा तो रिकामा डबा डोळ्यांसमोर आला.

पुस्तक तिथेच मिटलं. पुढचं पान उलटायचं धाडसच होईना. नाही, असं कसं होईल, आपली पोर तसली नाही, असं स्वतःला बजावत स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिले. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, कळलं नाही.

 दुसऱ्या दिवशी सकाळी गाईची चपाती हातात घेतली आणि चपला घातल्या. "आज मीही येते," म्हटलं. लेक दारातच थबकली, पण नको म्हणाली नाही.

गाय कोपऱ्यावरच्या नारळवाल्याजवळ उभी होती. लेकीला बघितल्याबरोबर लगबगीने आली. मी चपाती पुढे केली, तर तिने ती हुंगलीसुद्धा नाही. मला ओलांडून ती सरळ लेकीकडे गेली, तिच्या डब्याच्या पिशवीत तोंड घातलं आणि हक्काने ढुशा मारायला लागली.

मी बघतच राहिले. सकाळी उठून केलेली मेथीची भाजी, तूप लावलेल्या चपात्या, तिला आवडतो म्हणून मुद्दाम घातलेला दाण्याचा लाडू. काय काय खाल्लं होतं त्या गाईने! आणि माझी लेक पिशवी छातीशी धरून उभी, मनगटं ही एवढीशी. हे मला दिसलं कसं नाही? रोज वेणी घालत होते मी तिची.

ओरडावं, रडावं, तिला घट्ट धरावं, सगळं एकदम वर आलं. 'जेवलीस का' एवढंच ओठांवर आलं आणि मी ते गिळलं.

लेक खाली मान घालून म्हणाली, "तू ते पुस्तक वाचलंस ना?"

"निम्मं वाचलं गं. पुढे वाचवेना."

तेव्हा कुठे तिने माझ्याकडे बघितलं. डोळे काठोकाठ भरलेले. "निम्म्यावर काय सोडतेस, आई! पुढे ती सगळं आईला सांगते. म्हणून तर उशीवर ठेवलं होतं."