वरळीत पंधरा शोधताना

शुक्रवारी रेबेकामावशी इस्रायलला मुलाकडे कायमची जाणार होती आणि तिच्या वडिलांची कबर काही सापडत नव्हती. मावशी म्हणजे आईची शाळेतली जुनी सहकारी, राहायला भायखळ्यात. पूर्वी त्यांच्या घरातल्या बायका कबरस्तानात जात नसत. जागा भावाला ठाऊक होती, तो मागच्या वर्षी वारला. मला हे ऐकून राहवेना. बुधवारी सकाळीच निघालो.

वरळीचं ज्यू कबरस्तान परळहून टॅक्सीने वीस मिनिटं. जाणार असाल तर टोपी आणि पाणी घ्या, आत सावली कमी आहे. रखवालदार म्हणाला की जुन्या दगडांवरची नावं झिजलीत, तारखा तेवढ्या खोल कोरलेल्या आहेत.

तारखा हिब्रूत. जुन्या ग्रीकांसारखं इथेही अक्षरंच आकड्यांचं काम करतात: पहिलं अक्षर एक, दुसरं दोन, दहावं दहा, अकरावं वीस. मावशीचे वडील ज्यू पंचांगातल्या शेवाट महिन्याच्या पंधराला वारलेले. मी नेटवरून तक्ता उतरवून दहाचं अक्षर आणि पाचचं अक्षर शेजारी शेजारी काढून नेलं होतं. ओळीमागून ओळ पाहिली, दोनदा. पंधरा कुठेच नाही. डोकं तापलं. बाहेर येऊन उभ्या उभ्या मिसळ खाल्ली, झणझणीत होती म्हणतात, मला चव कळली नाही. शेवटी मावशीला कागदाचा फोटो पाठवला.

लगेच फोन आला. "असं लिहीत नाहीत रे. ही दोन अक्षरं देवाच्या नावातली, अशी जोडून लिहायची नसतात. पंधराला आम्ही नऊ आणि सहा लिहितो."

परत आत पळालो. भिंतीलगतच्या रांगेत नऊ-सहा होतं, महिना आणि वर्षही जुळलं. दोनदा त्याच्यासमोरून गेलो होतो. स्वतःचाच राग आला.

गुरुवारी मावशीला घेऊन गेलो. तिने त्यांच्या रीतीप्रमाणे कबरीवर एक खडा ठेवला, हात फिरवला. "बाबा, मी चालले. आता हा येत जाईल." मला विचारलं नव्हतं. मी मान डोलावली.

आपल्या कॅलेंडरवर शेवाट दरवर्षी पुढेमागे सरकतो. पुण्यतिथीची तारीख मोबाइलवर क्षणात मिळते, तरी मी फोन करून मावशीलाच विचारतो. ती सांगते आणि वर गवत काढायला बजावते. हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माहीत आहे, मी एका जागी सहसा दुसऱ्यांदा जात नाही. मावशी इस्रायलला गेल्यापासून त्या दगडापाशी तीनदा जाऊन आलोय.