दारातला भाकरतुकडा

आज आमच्या चिन्मयचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दोन वर्षांचा आहे. सगळं नीट झालं, काळजी नको.

पण दिवसभर एकच प्रश्न ऐकला. सिस्टर म्हणाल्या, "आई कुठंय?" भूल देणाऱ्या डॉक्टरांनीही तेच विचारलं, शेजारच्या खाटेवरच्या आजींनीही. आई कंपनीच्या कामाला जर्मनीत आहे, रजा मिळाली नाही. पोराला कडेवर घेतलेला बाप कोणाला दिसतच नव्हता.

संध्याकाळी भरे गावातल्या खोलीवर आलो. चिन्मय खांद्यावर झोपलेला, मी एका हातानं कुलूप उघडत होतो. तेवढ्यात घरमालकीण काकू ओरडल्या, "थांब! दवाखान्यातनं आलाय न्हवं? तसाच आत जाऊ नगंस."

भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, चिन्मयवरून ओवाळून टाकलं. मी पाऊल उचललं, तर त्यांनी दुसरा तुकडा मोडला. "तू कुटं निगालास? तू बी तितनंच आलायस की."

रात्री बायकोला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "मी आत्ताच ऑफिसातून आले. कुलूप उघडून तशीच आत शिरले रे."

ग्रुपमधलं कोणी तिकडं जर्मनीत राहतं का हो?